परदेशस्थ आप्त आणि ई-पर्यटक व्हिसा



फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसविलेल्या कल्याण छावणीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. येथील तसेच अंबरनाथ-बदलापुरातील अनेक कुटुंबांचे आप्त आज परदेशी नागरिक आहेत. लग्नकार्यासाठी किंवा अंबरनाथचे शके ९८२ मधील शिवालय पाहावयास ते येतात, तेव्हा २०१४ पासूनची ई-व्हिसाची सोय त्यांच्या उपयोगी पडते. ओसीआय कार्डधारकांस व्हिसा लागत नाही.

अर्जातील नाव पारपत्राबरहुकूम असावे. पारपत्राची मुदत आगमनानंतर निदान सहा महिने उरलेली असावी. अर्ज प्रवासाच्या किमान चार दिवस आधी, आणि शासकीय संकेतस्थळावरच करावा. सारखी दिसणारी खाजगी स्थळे जादा शुल्क आकारतात.

तथापि एक प्रश्न आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. आईवडील किंवा आजीआजोबा पाकिस्तानचे नागरिक होते काय, असे अर्जात विचारले जाते. पाकिस्तानी मूळ असलेल्यांना ई-व्हिसा मिळत नाही. त्यांनी भारतीय वकिलातीकडे नेहमीचा व्हिसा मागावयाचा असतो. उत्तर दडवू नये. ज्या वृद्धांच्या पारपत्रावर कराची किंवा शिकारपूर हे जन्मस्थान आहे, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच वकिलातीकडे लेखी विचारणा करावी. शिक्षकांनी व नगरसेवकांनी एवढे घरोघर सांगितले, तरी ऐन लग्नघरची धावपळ टळेल.