कर्त्याची जागा

इंग्रजी शिकविणाऱ्यांचे संमेलन भुशीसारख्या मावळातील गावी भरावे यात औचित्य आहे. कारण पावसाळ्यात गावच्या धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागले, की मुंबई-पुण्याच्या पर्यटकांबरोबर येणारी इंग्रजी येथील मुलांच्या कानांवर शाळेबाहेरही पडत असते. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी आली. तरीही अनेक वर्षे ती शिकलेला विद्यार्थी स्वतःचे वाक्य रचताना अडखळतो, आणि त्याचे कारण बहुधा शब्दसंग्रहाच्या तुटपुंजेपणात शोधले जाते. वस्तुतः अडचण वाक्यातील कर्त्याच्या जागेपाशी आहे, व तेथेच अध्यापनाचे लक्ष सर्वांत कमी गेले आहे.

मराठीत नामाचा वाक्याशी असलेला संबंध मुख्यतः विभक्तीच्या प्रत्ययाने कळतो. ‘गोविंदाने रामाला पाहिले’ आणि ‘रामाला गोविंदाने पाहिले’ या वाक्यांत भर निराळ्या शब्दावर पडतो, पण पाहणारा बदलत नाही. इंग्रजीत मात्र ‘गोविंद सॉ राम’ उलटवून ‘राम सॉ गोविंद’ म्हटले, की पाहणारा पाहिला जातो. एकेकाळी इंग्रजीतही नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. मध्ययुगात ते झिजत गेले आणि त्यांचे काम शब्दांच्या ठरावीक क्रमाकडे आले. ‘ही’ आणि ‘हिम’ यांसारखी सर्वनामांची जोडी हा त्या जुन्या व्यवस्थेचा अवशेष होय. क्रियापदाआधीची जागा कर्त्याची, नंतरची कर्माची, हा नियम म्हणून केवळ शैलीचा राहत नाही. अर्थच त्यावर उभा असतो.

ही कर्त्याची जागा साध्या विधानात सहसा रिकामी राहू शकत नाही, हे मराठी भाषकाला विशेष अपरिचित असते. ‘आलो’ एवढ्या एका शब्दाने मराठी वाक्य पुरे होते, कारण बोलणारा कोण ते क्रियापदाच्या रूपातच आहे. इंग्रजीत ‘आय’ उच्चारावाच लागतो. मावळात चार महिने ज्याचा अनुभव येतो त्या पावसाविषयी बोलताना तर इंग्रजी ‘इट इज रेनिंग’ म्हणते, आणि त्यातील ‘इट’ कोणत्याही वस्तूचा निर्देश करीत नाही, केवळ जागा भरून काढते. ‘मला थंडी वाजते’ या वाक्यात व्याकरणदृष्ट्या कर्ता थंडी आहे आणि अनुभवणारा चतुर्थीत आहे. इंग्रजीत तोच अनुभवणारा कर्त्याच्या जागी येऊन ‘आय फील कोल्ड’ असे वाक्य होते. ‘मला दोन भाऊ आहेत’ याचे ‘आय हॅव टू ब्रदर्स’ होते तेही याच कारणाने. अशी वाक्ये सुटी पाठ करून घेण्याऐवजी एकत्र मांडली, तर त्यांमागची एकच व्यवस्था विद्यार्थ्याला दिसेल.

शालेय परंपरेत एक जुना घोटाळा मात्र या मांडणीच्या आड येतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केल्यापासून शालेय मराठी व्याकरणावर इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीची छाया राहिली आहे. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’सारखा विस्तृत विचार झाल्यानंतरही शाळेतील समज फारसे बदलले नाहीत. कर्मणि प्रयोग म्हणजेच इंग्रजीतील ‘पॅसिव्ह व्हॉइस’, हा त्यांपैकी सर्वांत नडणारा समज. ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘रामाने चिंच खाल्ली’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते, म्हणून हा प्रयोग कर्मणि. पण त्यांचे सरळ इंग्रजी भाषांतर ‘राम एट’ असेच, म्हणजे ‘ॲक्टिव्ह’ रचनेचे होते. मराठी प्रयोग हा क्रियापद कोणाशी जुळते याचा विचार आहे, तर इंग्रजी ‘व्हॉइस’ हा कर्त्याच्या जागी कोणाला बसवायचे याचा. भावे प्रयोगाला तर इंग्रजीत जोडीदारच नाही. धरणाच्या काठी ‘पाण्यात उतरू नये’ असा फलक लिहिला, तर त्यात कर्ता उघड नसतो, क्रियापद कोणाच्याही लिंगवचनाशी जुळत नाही, आणि सूचना सर्वांनाच लागू पडते. इंग्रजी फलक मात्र वाचणाऱ्याला उद्देशून सरळ निषेधाची आज्ञा करतो, ज्यात ‘यू’ हा कर्ता अध्याहृत, म्हणजे न उच्चारताही गृहीत असतो. (मराठी फलक अधिक सभ्य वाटतो, हा पक्षपात येथे क्षम्य मानावा.)

काळांच्या बाबतीतही प्रतिशब्दाची घाई नडते. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे मराठीत निर्दोष आहे. त्याचे ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टर्डे’ असे भाषांतर मात्र बहुधा चुकते, कारण इंग्रजीतील ती रचना भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेच्याही आधीचे काही सांगते, आणि येथे ‘वेंट’ पुरेसे आहे. ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांचा विषय याहून गहन असला, तरी त्यांची चूक सहसा अर्थ उलटवीत नाही. त्यामुळे पहिल्या इयत्तांत त्यांवर खर्च होणारा वेळ कर्त्याच्या जागेकडे वळविणे इष्ट आहे.

‘व्हॉइस’ बदलण्याच्या प्रश्नांबाबत या अध्यक्षपदावरून एवढीच सूचना आहे, की ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ असले मराठी वाक्य विद्यार्थ्याकडून प्रथम रचवून मग त्यावरून इंग्रजी वाक्य करवून घेण्याची रीत बंद व्हावी. असे वाक्य मावळातील कोणत्याही घरात आंब्याविषयी बोलले जात नाही, आणि करणारा माहीत नसताना किंवा सांगायचा नसताना इंग्रजी ‘पॅसिव्ह’ रचनेकडे का वळते, हेही त्यातून विद्यार्थ्याला समजत नाही.