बिडीचा धूर आणि घरातली रोपे

मंडळी, मागच्या बैठकीत एकाने विचारले, "गुरुजी, घरात बिडी ओढली तर कुंडीतले रोप मरते का?" काहीजण हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नाही. आज पुष्कळांच्या घरात कुंड्या आहेत. कोणी पडवीत खोक्यात मिरची-टोमॅटोची रोपे करतात. त्यांच्या तो कामाचा आहे.

बिडी असो, सिगारेट असो, धुरात इथिलीन नावाचा एक वायू असतो. त्याला रंग नाही, म्हणून तो दिसत नाही. पण त्याचे काम तुम्ही पाहिले आहे. केळी पिकवायला बंद खोलीत धुरी देतात ना? त्या धुरातला इथिलीनच केळी पिकवतो. पिकल्या फळातूनही तो निघतो. म्हणून तर आढीत एक आंबा पिकला की शेजारचेही लवकर पिकतात.

फळाला पिकवणारा हा वायू पानाला मात्र म्हातारे करतो. पान पिवळे पडते. कळी उमलण्याआधी गळते. फूल लवकर सुकते.

हे कसे कळले, तेही ऐका. रशियात सेंट पीटर्सबर्ग शहरात नेल्युबोव्ह नावाचा एक विद्यार्थी होता. तो प्रयोगशाळेत वाटाण्याची रोपे वाढवी. रोपे सरळ वर जाईनात, आडवी वाढू लागली. बाहेरच्या स्वच्छ हवेत ठेवली की सरळ वाढत. तेव्हा तिथे दिवे गॅसवर जळत. त्या गॅसमधल्या इथिलीनचा हा प्रताप, असे त्याने १९०१ साली दाखवले.

मग एका बिडीने रोप मरते का? नाही. उघड्या ओसरीवर धूर वाऱ्याबरोबर निघून जातो. बंद खोलीत रोज धूर कोंडला, तर मात्र रोपाचे नुकसान होऊ शकते. चुलीच्या धुरातही इथिलीन असतो बरं का! तेव्हा कुंडी चुलीपाशीही नको. पानांवर काजळी बसली तर ओल्या फडक्याने पुसावी. काजळीने पानाला उजेड कमी मिळतो.

कोणी म्हणतात, रोप ठेवले की ते सगळा धूर शोषून घेते. हे खरे नाही. दोन-चार कुंड्यांनी खोलीतला धूर जात नाही. त्याच खोलीत तान्हे मूल निजलेले असते. धूर त्याच्या छातीत जातो. त्याला खोकला, दमा, न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो. रोप बाहेर नेऊन ठेवता येते. मूल कुठे ठेवणार?

आता खरी गोष्ट सांगतो. रोपाला धुरापेक्षा ओढणाऱ्याच्या हाताचे भय जास्त. तंबाखूच्या झाडाला मोझॅक नावाचा रोग होतो. पानावर फिकट आणि गर्द हिरवे चट्टे पडतात, पान वेडेवाकडे होते. हा रोग विषाणूमुळे होतो. पान वाळले, त्याची बिडी झाली, तरी त्यातला विषाणू कित्येक वर्षे जिवंत राहू शकतो. पेटल्यावर तो जळतो, पण बोटांना लागलेला तसाच राहतो. त्याच बोटांनी मिरचीचे किंवा टोमॅटोचे रोप धरले, की रोग रोपात शिरतो. मग एका रोपावरून दुसऱ्यावर हातानेच जातो. तंबाखू मळून खाणाऱ्यांनी हसू नये. त्यांचा तर अख्खा तळवाच भरलेला असतो!

मिरचीचा चुरडा-मुरडा मात्र वेगळा. तो फुलकिडे आणि कोळी यांच्यामुळे येतो. त्याचा दोष बिडीवाल्यावर टाकू नका.

मोझॅकवर औषध नाही. रोपांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात चांगले धुवावेत, नखेसुद्धा. लावणीच्या वेळी बिडी-तंबाखू बांधावरच ठेवावी. चट्टे पडलेले रोप दिसले तर ते मुळासकट उपटून दूर पुरावे, आणि पुन्हा हात धुवूनच दुसऱ्या रोपाला हात लावावा.