दोरा आणि परवाना

हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशी आपल्याकडे म्हण आहे. जें डोळ्यांना दिसतें त्याला निराळा पुरावा नको, असा तिचा भाव. भुंवया कोरणाऱ्या बाईच्या कामाला ही म्हण चांगली लागू पडते. दोऱ्याचें एक टोक दातांत धरलेलें, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत पिळलेला, आणि त्या पिळांत सांपडून मुळासकट निघणारा एकेक केंस! काम साधलें कीं फसलें, हें समोरच्या आरशांत तत्काळ कळतें. पुण्यामुंबईच्या गल्लोगल्लीं हें काम चालतें, आणि तें करणारीला, “तुझी परीक्षा कोणत्या सरकारनें घेतली?” असें कोणीहि विचारीत नाहीं.

तीच बाई संसारानिमित्त अमेरिकेंत गेली आणि तेथें पैसे घेऊन हेंच काम करूं लागली, तर मात्र हा प्रश्न तिला पहिल्याच दिवशीं विचारला जाण्याचा संभव असतो. त्या देशांत केंस कापणें व रंगविणें, चेहऱ्याच्या त्वचेची निगा राखणें, मेण लावून केंस काढणें, नखें रंगविणें, हे सारे परवान्याचे धंदे आहेत. हा परवाना मध्यवर्ती सरकार देत नाहीं. प्रत्येक राज्य आपापला देतें. मिनेसोटा राज्यानें १८९७ सालीं न्हाव्यांच्या धंद्यासाठीं पहिला कायदा केला, आणि विसाव्या शतकांत एकामागून एक राज्यांनीं सौंदर्यप्रसाधनाचा धंदाहि कायद्याच्या कक्षेंत आणला. केंस, त्वचा व नखें या तिन्हींचें काम करण्याचा परवाना ज्याला असतो त्याला तेथें कॉस्मेटॉलॉजिस्ट म्हणतात. केवळ त्वचेपुरता परवाना असेल तर एस्थेटिशियन.

हा परवाना मिळतो कसा? कॅलिफोर्नियाचें उदाहरण घेऊं. उमेदवाराचें वय निदान १७ वर्षांचें असावें आणि दहाव्या इयत्तेइतकें शिक्षण झालेलें असावें. मंडळानें मान्य केलेल्या शाळेंत एस्थेटिशियनला ६०० तासांचें शिक्षण घ्यावें लागतें. रोज सहा तास व आठवड्याचे पांच दिवस धरले, तर हे पुरे वीस आठवडे झाले. त्यांत त्वचेची रचना, प्रसाधनांतील रासायनिक द्रव्यें, जंतूंचा प्रसार व त्यांचा नाश, उपकरणांची स्वच्छता आणि प्रत्यक्ष काम असे विषय येतात. नंतर लेखी परीक्षा. ती उतरल्यावर जो परवाना मिळतो तो दोन वर्षांनीं पुन्हां नवा करावा लागतो. न्यूयॉर्क राज्यांतहि ६०० तासच लागतात. टेक्सस राज्यांत मात्र ७५०. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यांत आपोआप चालत नाहीं. तेथें पुन्हां अर्ज करावा लागतो. शिवाय तासांचा हा आंकडा कांहीं वेदवाक्य नव्हे. कॅलिफोर्नियांत कॉस्मेटॉलॉजिस्टला पूर्वीं १६०० तास लागत. २०२२ सालापासून ते १००० झाले, आणि परीक्षेंतील प्रात्यक्षिकहि रद्द झालें.

येथें कोणी विचारील, कीं चेहऱ्याला लेप लावण्यासाठीं सरकारला इतका खटाटोप कशाला? त्याचें उत्तर २००० सालच्या एका घटनेंत सांपडतें. उत्तर कॅलिफोर्नियांतील नखें रंगविण्याच्या एकाच दुकानांत गेलेल्या शंभराहून अधिक गिऱ्हाइकांच्या पायांवर गळवें उठलीं. तीं महिनोगणती बरी होईनात, आणि बरीं झाल्यावर व्रण मागें ठेवून गेलीं. दुकानांत पाय बुडवून बसण्यासाठीं पाणी खेळविणाऱ्या टाक्या होत्या. तपासणी झाली तेव्हां, पाणी आंत ओढणाऱ्या जाळ्यांमागें केंसांचा व मृत त्वचेचा गाळ सांचलेला आढळला, आणि त्यांत क्षयाच्या जंतूंच्या कुळांतील एक जंतु सुखानें नांदत होता. घरून पायांवर वस्तरा फिरवून आलेल्यांना ही बाधा अधिक झाली. टाकी वरून स्वच्छ दिसत असेल. जाळी काढून आंत पाहणें मात्र कोणाला सुचलें नाहीं. यानंतर अशा टाक्या कशा व केव्हां धुवाव्या, याचे नियम त्या राज्यानें केले. भुंवई वांकडी झाली तर ती आरशांत दिसते. जंतु आरशांत दिसत नाहीं. कांकणाची म्हण येथें अपुरी पडते, आणि सरकारी परवान्याचें खरें समर्थन तेंच आहे.

परंतु जें औषध एका रोगावर गुणकारी तें सर्वांनाच सारख्या मात्रेंत द्यावें काय? हा प्रश्न टेक्ससमध्यें आपल्या दोऱ्यावरूनच उपस्थित झाला. भुंवया कोरण्याची ही कला हिंदुस्थानांत व इराणकडे जुनी आहे. अमेरिकेंत ती स्थलांतर करून आलेल्या लोकांनीं नेली. टेक्ससच्या परवाना खात्यानें असा आग्रह धरला, कीं केवळ दोऱ्यानें भुंवया कोरणारालाहि एस्थेटिशियनचा परवाना पाहिजे, म्हणजे ७५० तासांचें शिक्षण आणि परीक्षा पाहिजे. शाळेचा खर्च कित्येक हजार डॉलर; आणि इतकें करून त्या शिक्षणांत दोऱ्याच्या कामाला स्थान जवळजवळ नाहींच. ज्या विद्येवर पोट भरायचें ती सोडून बाकी सर्व शिकावयाचें, असा हा प्रकार झाला. खात्याच्या नोटिसा येऊं लागल्या तेव्हां या व्यावसायिकांपैकीं कांहींजणांनीं २००९ सालीं दावा लावला. पहिल्या दोन्ही न्यायालयांत त्यांची हार झाली.

तरी ते टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पटेल यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या या खटल्याचा निकाल २६ जून २०१५ रोजीं लागला. नऊ न्यायाधीशांपैकीं सहांनीं दोरेवाल्यांच्या बाजूनें कौल दिला. त्या ७५० तासांपैकीं ३२० पर्यंत तासांचा भुंवया कोरण्याशीं संबंध नाहीं, हें सरकारपक्षाच्या वकिलालाहि मान्य करावें लागलें होतें. इतकें असंबद्ध ओझें लादणें म्हणजे जुलूम होय आणि तें राज्यघटनेला धरून नाहीं, असें बहुमतानें ठरलें. मुख्य न्यायाधीश हेक्ट यांचें मत विरुद्ध पडलें. धंद्याचे नियम किती कडक असावे हें ठरविणें विधिमंडळाचें काम आहे, न्यायाधीशांचें नव्हे, असा त्यांच्या बाजूचा मुद्दा होता. आणि तोहि हलका नव्हे. आज तासांची संख्या न्यायालयानें मोजावी, तर उद्यां काय काय मोजावें, ही भीति कायद्याच्या अभ्यासकाला वाटणें स्वाभाविक आहे.

तरीहि निकालांतून एक विवेक हातीं येतो. नियम धोक्याच्या प्रमाणांत असावा. स्वच्छ हात, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा दोरा, सुजलेल्या वा फुटलेल्या त्वचेला न शिवणें, इतकें शिकविण्याचा आग्रह सरकारनें अवश्य धरावा. त्यापलीकडचे शेंकडों तास केवळ धंद्याचें दार लहान करण्यासाठीं असतील, तर त्यांतून गिऱ्हाइकाचें रक्षण होत नाहीं. आधींच आंत असलेल्यांच्या गल्ल्याचें होतें. त्याची किंमत मात्र जी बाई परक्या मुलखांत, तुटक्या इंग्रजीवर, आपल्या दहा बोटांच्या भरंवशावर उभी राहूं पाहते तिला मोजावी लागते.

अशा बाईच्या घरच्यांनीं, आणि ज्यांची लेक वा सून तिकडे जाण्याच्या तयारींत आहे त्यांनीं, तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, राज्याचा परवाना म्हणजे त्या देशांत नोकरी करण्याची मुभा नव्हे. पतीच्या व्हिसावर गेलेल्या स्त्रीला ती मुभा पुष्कळदां मध्यवर्ती सरकारकडून वेगळी मिळवावी लागते. ती नसेल तर परवाना भिंतीवरच राहतो. दुसरी, ज्या राज्यांत राहावयाचें त्या राज्याच्या मंडळाचे नियम प्रथम वाचावे आणि शाळेची फी मागाहून भरावी. शाळा मान्यताप्राप्त नसेल तर तेथें बसलेले तास मोजले जात नाहींत. तिसरी, येथें घेतलेल्या शिक्षणाचीं प्रमाणपत्रें, तासांच्या नोंदीसह, जपून बरोबर न्यावीं. कांहीं राज्यें परदेशच्या शिक्षणाचा विचार करतात. परंतु “वीस वर्षें पार्लर चालविलें” हें तोंडी सांगणें मंडळाच्या दफ्तरांत कोठेंच बसत नाहीं.

आपल्या राज्यांत पार्लर चालविणाऱ्या बाईला अशी सरकारी परीक्षा द्यावी लागत नाहीं. त्यामुळें तिची परीक्षा घेण्याचें काम गिऱ्हाइकाकडेच राहतें. उद्यां भुंवया कोरून घेण्यासाठीं खुर्चीवर बसतांना आरशाकडे पाहण्यापूर्वीं तिच्या हातांकडे पाहावें, आणि दोरा नवा घेतला कीं नाहीं, तें विचारावें. चांगली कारागीर त्या प्रश्नानें रागावणार नाहीं.