पहिल्या सर्किट बोर्डासाठीं साधनाची निवड

बीड जिल्ह्यांतील तेलगांवच्या एखाद्या तरुणास वाटतें कीं, विहिरींतील पाणी खालीं गेल्यास सूचना देणारें लहानसें यंत्र घरींच करावें. सुटीं तारा जोडून तें चालतेंहि. परंतु टिकावयाचें तर तांब्याच्या मार्गांचा पक्का बोर्ड हवा. तो आंखण्यास कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें, येथें तो अडतो.

नवशिक्यानें प्रथम विचारावयाचा प्रश्न ‘उत्तम कोणतें’ हा नव्हे. ‘आपलें रेखाटन उद्यां आपल्या हातीं राहील काय’ हा आहे. १९८८ सालीं जर्मनींत निघालेलें ‘ईगल’ दीर्घकाळ शिकाऊंचें आवडतें होतें. त्याच्या फुकट आवृत्तींत ८० चौरस सेंटिमीटरांपर्यंतचा, म्हणजे पोस्टकार्डापेक्षां लहान बोर्ड करतां येई. २०१६ सालीं तें ऑटोडेस्क कंपनीनें घेतलें, आणि २०२३ सालीं त्याची विक्री व साहाय्य जून २०२६ मध्यें थांबविण्याचें जाहीर केलें. वर्षानुवर्षांचीं रेखाटनें घेऊन लोकांस दुसरें घर शोधणें प्राप्त झालें.

‘कीकॅड’ची गोष्ट निराळी. फ्रान्समधील झाँ-पियेर शारास यांनीं तें १९९२ सालीं आरंभिलें. २०१३ पासून ‘सर्न’ या संशोधनसंस्थेचाहि हातभार लागला. तें विनामूल्य असून त्याची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. एकदां संगणकावर बसविलें कीं इंटरनेटवांचून चालतें. मुंबईच्या आयआयटीनें ‘ईसिम’ हें साधन याच्याच आधारें उभारलें; त्यांत मंडल आंखून तें प्रत्यक्ष करण्यापूर्वीं संगणकावरच तपासतां येतें. ब्राउझरमध्यें चालणारें ‘ईझीईडीए’ आरंभीं अधिक सोपें वाटतें हें खरें. मात्र ब्राउझरमध्यें चालवावयाचें तर नेट हवें, आणि खेड्यांत त्याचाच भरंवसा कमी.

साधन कोणतेंहि असो, क्रम एकच: प्रथम मंडलाचें चित्र, मग प्रत्येक भागास त्याच्या पायांचा नकाशा, मग मार्गांची आंखणी, नियमांची तपासणी, आणि शेवटीं कारखान्यास द्यावयाच्या गर्बर फाइली. नवशिक्याची चूक बहुधा पायांच्या नकाशांतच होते. चित्र बरोबर असतें, पण भाग छिद्रांत बसत नाहीं. यासाठीं बोर्ड खऱ्या मापानें कागदावर छापून प्रत्यक्ष भाग त्यावर ठेवून पाहावे. पहिल्या बोर्डावर घरगुती २३० व्होल्टची वीज आणूं नये. पांच व्होल्टवर हात बसूं द्यावा.

कागदावर उमगलेली चूक खोडरबरानें जाते; तांब्यावर उतरलेली पैसे आणि वेळ दोन्ही घेऊन जाते. तेलगांवच्या त्या तरुणानें एवढें पथ्य पाळलें, तर त्याचा पहिला बोर्ड विहिरीवर लागण्यास फारसा विलंब लागणार नाहीं.