रिकामी ट्रॉली मागे घेताना



कृष्णाकाठच्या माणसाला पुराची सालं पाठ असतात. २००५, २०१९, २०२१. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी ओलांडली. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पुराच्या छायाचित्रांत बोट असते, बोटीतले जवान असतात, कडेवरची लेकरं असतात. ती बोट ज्या ट्रॉलीवरून पाण्यापर्यंत आली, ती मात्र कुठंच दिसत नाही. आज त्या ट्रॉलीविषयी बोलायचं आहे. त्यातही ती रिकामी असताना उतारावरून पाण्यात मागे घेण्याविषयी.

आता कोणी म्हणेल, भरलेली नेणं अवघड की रिकामी? पुरात बोट एक आणि हाका चार गावांच्या. एका गावची माणसं काठाला उतरली की बोट पुढच्या गावाला रस्त्यानं न्यायची असते. बोट पाण्यात थांबलेली, प्रवाह तिला ओढतोय, दोघं जण दोर धरून उभे. अशा वेळी रिकामी ट्रॉली तिच्याखाली नेमकी जायला हवी. ती वेडीवाकडी गेली, तर इथली दहा मिनिटं पलीकडं छपरावर बसलेल्यांच्या हिशेबातून जातात.

पावसाळ्याआधी नदीकाठी बचावकार्याचा सराव होतो. असाच एक सराव मी पाहिला. जीपला बोटीची ट्रॉली जोडलेली, चालवणारा तरुण हुशार. पण ट्रॉली डावीकडं हवी तर उजवीकडं जायची. काठावरच्या दहा जणांचे दहा हुकूम. शेवटी उसाची वाहतूक करण्यात हयात गेलेले एक चाचा पुढं झाले. म्हणाले, "पोरा, हात चाकाच्या वर नको, खाली धर. जिकडं हात नेशील, तिकडं ट्रॉली जाईल."

ऐकायला जादू वाटते, पण हिशेब साधा आहे. मागे जाताना गाडीचं शेपूट उजवीकडं सरकलं की ते ट्रॉलीची दांडी उजवीकडं ढकलतं. ट्रॉली आपल्या चाकांवर फिरते आणि तिचं मागचं टोक डावीकडं जातं. स्टिअरिंगचं खालचं टोक मात्र तेव्हा डावीकडंच गेलेलं असतं. म्हणून हात खाली धरला की डोक्यातला उलटसुलट गोंधळ मिटतो.

चाचांचं दुसरं सांगणं मला जास्त मोलाचं वाटलं. "रिकामी ट्रॉली लई उतावळी असती. थोडं फिरव, थांब, बघ, मग सरळ कर." बोटीची ट्रॉली हलकी आणि बुटकी. वर बोट असली की मागचं आरशात दिसतं; बोट उतरली की ट्रॉली जीपच्या पाठीआड गडप होते. ती दिसू लागते तोवर तिरकी झालेली असते. दांडी जितकी आखूड, तितकी ती लवकर मुरडते. यावर उपाय स्वस्त आहे. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना उभे बांबू बांधायचे, टोकाला लाल फडकं. आरशात दोन फडकी सारखी दिसली की ट्रॉली सरळ.

आणि एकदा का कात्री झाली, म्हणजे गाडी आणि ट्रॉली कोनात दुमडली, की मागे रेटून ती सुटत नाही. उलट दांडी वाकते. तेव्हा चार हात पुढं यायचं, सरळ व्हायचं, पुन्हा मागे. पुढं येण्यात कमीपणा नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ड्रायव्हरही शक्यतो मागे घ्यावंच लागणार नाही अशी जागा आधी हेरून ठेवतो.

पुरात तर बांधलेला घाटच पाण्याखाली जातो. मग गावातला जो रस्ता पाण्यात शिरतो, तोच उतार. त्याचं टोक तासातासाला सरकतं. म्हणून आधी पायी जाऊन काठीनं तळ चाचपायचा: शेवाळ कुठं, डांबर कुठं संपतं, गटार कुठं. ट्रॉली सरळ करायची ती वर सपाटीला, उतारावर नव्हे. खूण एकानंच करायची. ट्रॉलीच्या मागे कोणी उभं राहायचं नाही. दिव्यांची वायर आधी काढायची. लांबून आलेल्या चाकांची बेअरिंगं तापलेली असतात. तशीच गार पाण्यात घातली तर आत पाणी ओढून घेतात. सवड असेल तर निवू द्यावीत, आणि काम झाल्यावर ग्रीस भरावं.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटली. माणसं गेली. त्या दिवसापासून आमच्याकडं 'बोट आली' एवढ्या शब्दांनी कोणी निर्धास्त होत नाही. बोट हवी, लाइफ जॅकेट हवीत, बोटीत किती माणसं घ्यायची याचा धाक हवा, आणि काठावर शांत डोक्याचा एक चालक हवा.

तो चालक पुराच्या दिवशी तयार होत नाही. त्या सरावात तरुणानं सातव्या खेपेला ट्रॉली नीट पाण्यात घातली. चाचा म्हणाले, "आता अंधारात घाल." गावोगावच्या मंडळांना माझं एवढंच सांगणं आहे: एप्रिल-मे महिन्यात, नदी तळाला असताना, रिकामी ट्रॉली घेऊन उतारावर या. आधी उजेडात, मग अंधारात. पाणी चढेल तेव्हा शिकवायला कोणाला सवड नसेल.