मागचे दार

घराच्या पुढच्या दाराविषयी बोलणारे पुष्कळ भेटतात. त्याला तोरण लागते, त्याच्यासमोर रांगोळी पडते, पाहुणा येतो तो त्याच दाराने. मागच्या दाराच्या वाट्याला असले कौतुक येत नाही. भांड्यांचे पाणी, लाकूडफाटा, ओले कपडे आणि घरच्या माणसांची दिवसातून पन्नास वेळा होणारी ये-जा, एवढेच त्याच्या नशिबी. मी आज ज्या दाराविषयी बोलणार आहे ते असेच एक मागचे दार आहे. ते राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराचे आहे आणि २०२३ च्या मे महिन्यात ते मी स्वतःच्या हाताने बदलले. मी सरकारी नोकर आहे. वीस वर्षे कागदावर शेरे मारण्यापलीकडे या हातांनी फारसे काही केलेले नाही. म्हणून या गोष्टीत यशापेक्षा चुका अधिक आहेत. श्रोत्यांपैकी कोणाला असाच प्रसंग आला तर त्या उपयोगी पडतील.

दार बदलण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. २०२२ च्या जुलैत एका रात्री आई न्हाणीकडे गेली आणि परत येताना वाऱ्याने दार मागे आपटून बसले. पावसाने फुगलेले ते लाकूड चौकटीत असे घट्ट रुतले, की तिला ते बाहेरून रेटता येईना. वीज गेलेली होती, आणि पुढचे दार आतून लावलेले. बहात्तर वर्षांची माझी आई सुमारे दोन तास मागच्या पडवीत पावसाच्या झडीत उभी होती. अखेर शेजारचे काका तिच्या हाका ऐकून आले आणि त्यांनी खांद्याने दार उघडले. पुढे पंधरा दिवस ती तापाने अंथरुणात होती. यातले काहीही तिने मला कळविले नाही. दूरध्वनीवर ती एवढेच म्हणाली होती, "मागचं दार जरा जड जातं हो हल्ली." खरी हकीगत मला दिवाळीत काकांकडून कळली.

"दिल्लीला चल" असे मी तिला म्हटले. हे मी दरवर्षी म्हणतो आणि ती दरवर्षी ऐकून घेते. या वेळी ती म्हणाली, "दार अडतं म्हणून कोणी घर सोडतं का? दार नीट कर म्हणजे झालं." या युक्तिवादाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

गावात पूर्वी सुतारांची तीन घरे होती. आता एकच आहे, आणि त्यातले कर्ते पुरुष मुंबईत फर्निचरच्या कामावर आहेत. घरी राहिले आहेत ते ऐंशीच्या घरातले आजोबा. आमच्या घराची डागडुजी त्यांनीच जन्मभर केली. दृष्टी अधू झाल्यामुळे हत्यार धरणे त्यांनी सोडले आहे. तालुक्याच्या गावचे कारागीर पावसाळ्याच्या तोंडावर इतके गुंतलेले असतात, की त्यांची तारीख मिळणे हे आमच्या खात्यातल्या मंजुरीपेक्षाही कठीण. तेव्हा फळी तिकडच्या कारखान्यातून माप देऊन करून घ्यायची आणि बसवायची आपण, असे ठरले.

जुने दार उतरविल्यावर पहिला धडा मिळाला. ते वरून कंबरेपर्यंत ठणठणीत होते. त्याखाली मात्र सुरीचे पाते बोटभर आत जाई. असे का व्हावे? लाकडाचे तंतू उभे असतात आणि ते मूलतः झाडाने पाणी वर नेण्यासाठीच घडविलेले असतात. फळीच्या पृष्ठभागातून पाणी हळूहळू शिरते. पण जेथे तंतू आडवे कापले जातात त्या टोकातून ते भराभर शोषले जाते. दाराचे तळ म्हणजे नेमके असे कापलेले टोक. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पागोळीचे पाणी दगडावर आपटून दाराच्या तळावरच उडते. आमच्या दाराला दोन्ही अंगांनी रंगाचे किती हात दिले होते कोण जाणे, परंतु तळाच्या कडेला एकदाही रंग लागलेला नव्हता. दार टांगलेले असताना ती कड दिसत नाही आणि न दिसणाऱ्या कडेला रंग देण्यासाठी दार उतरवितो कोण?

चौकट मात्र जुन्या सागाची होती. पेचकसाच्या टोकाने सगळीकडे टोचून पाहिली, कोठेही मऊ लागली नाही. चौकट चांगली असेल तर ती हलवू नये. तिच्याबरोबर भिंतीचा गिलावा निघतो, भिंत मातीची असेल तर आणखी बरेच काही निघते, आणि एका दिवसाचे काम आठवड्यावर जाते.

माप घेण्याच्या बाबतीत मी स्वतःला मोठा काटेकोर समजत होतो. आजोबांनी विचारले, "रुंदी किती ठिकाणी घेतलीस?" मी म्हणालो, "एके ठिकाणी." ते नुसते हसले. रुंदी वर, मध्ये आणि खाली घ्यावी लागते, उंची दोन्ही बाह्यांशी घ्यावी लागते, आणि दोन्ही कर्ण मोजावे लागतात. कर्ण सारखे भरले नाहीत तर चौकट काटकोनात नाही असे समजावे. आमच्या कर्णांत नऊ मिलिमीटरचा फरक निघाला. म्हणजे साठ वर्षांत घराने एका अंगाला किंचित मान टाकली होती. अशा वेळी चौकटीला सरळ करण्याचा हट्ट धरू नये. फळी थोडी मोठी करून आणावी आणि चौकट जशी आहे तशी तिला रंध्याने जुळवून घ्यावी. शहरातल्या सदनिकांत प्लायवुडची सपाट दारे असतात, भारतीय मानक २२०२ चा शिक्का असलेली. ती आणणाऱ्यांनी मात्र सावध असावे. त्यांच्या कडेला भरीव लाकडाची पट्टी थोडीच असते. रंधा तिच्यापलीकडे गेला की आतल्या थरांना पाण्याची वाट मोकळी झाली.

आता फटीविषयी. माझ्यासारख्या नवशिक्याला वाटते, की दार जितके घट्ट तितके काम चोख. वस्तुतः ते उलट आहे. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगते व आकसते. नव्वद सेंटिमीटरच्या अखंड फळ्यांचे दार शेकडा अर्धा जरी फुगले तरी साडेचार मिलिमीटर झाले, आणि चौकटीत तेवढी जागा नसेल तर ते अडणारच. म्हणून चांगल्या दारात मधली तावदाने खोबणीत मोकळी बसवितात, डिंकाने चिकटवीत नाहीत. ती आतल्या आत फुगतात आणि बाहेरचे माप फारसे ढळत नाही. मीही फळी तशीच करून घेतली. तरी कडेला आणि वर तीन मिलिमीटर फट हवीच. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढी जाडी होते. मेच्या कोरड्या हवेत दार बसवीत असाल तर थोडी अधिक ठेवावी. भर पावसाळ्यात बसवीत असाल तर थोडी कमी चालेल, कारण मार्गशीर्षात ती आपोआप वाढेल. नागपूर-दिल्लीकडच्या श्रोत्यांना याचा अनुभव असेलच. उन्हाळ्यात तेथील दारांच्या फटींतून धूळ येते आणि श्रावणात तीच दारे खांद्याने ढकलावी लागतात.

ज्या दिवशी प्रत्यक्ष काम होते त्या दिवशी आईने एक अट घातली. दिवेलागणीच्या आत दार लागले पाहिजे. तिन्हीसांजेला पुढचे दार उघडे आणि मागचे बंद, हा आमच्याकडचा नेम. पुढून आलेली लक्ष्मी मागून निघून जाऊ नये म्हणून. मी सकाळी आठला सुरुवात केली, तेव्हा ही अट मला अगदी सोपी वाटली.

बिजागऱ्या तीन घेतल्या होत्या. वरची माथ्यापासून वीतभर खाली, तळची त्याहून थोड्या अधिक अंतरावर आणि तिसरी मध्ये. दाराचे वजन वरच्या बिजागरीला चौकटीतून बाहेर ओढत असते, म्हणून तिचे स्क्रू सर्वांत लांब असावेत. चौकटीतली जुनी भोके सैल झाली होती. त्यांत सागाच्या खुंट्या डिंक लावून ठोकल्या आणि त्या सुकल्यावर नवी भोके पाडली. पितळी स्क्रू मऊ असतो. सागासारख्या लाकडात तो थेट पिळला तर डोके तुटून हातात येते. माझे दोन असे आले. मग आजोबांनी सांगितले, की आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून काढावा, वाट तयार होते, आणि मागाहून पितळी स्क्रू साबणावर घासून घालावा. त्यानंतर एकही तुटला नाही.

दार उचलण्याची धास्ती मोठी होती. तीस किलोंच्या आसपासचे ते ओझे एका माणसाने चौकटीत धरायचे आणि त्याच माणसाने स्क्रू लावायचे, हे कसे व्हावे? युक्ती साधी आहे. तळाखाली एक पट्टी घालायची, पट्टीखाली दांडक्याचा आडवा तुकडा, आणि पायाने पट्टीचे मागचे टोक दाबायचे. दार हवे तेवढे उचलले जाते. मग दोन्हीकडे पाचरी सारायच्या. पाचरी देण्याचे काम आईने पाटावर बसून केले. मध्येच मी तोल सावरण्यासाठी उंबरठ्यावर पाय दिला, तेव्हा ती ओरडली, "अरे, उंबरठ्यावर काय उभा राहतोस!" दार कोसळण्याचे भय तिला त्यामानाने कमीच होते.

यानंतर माझ्या हातून खरी चूक झाली. दार टांगले, सगळे स्क्रू भराभर लावले आणि लोटले, तो बिजागरीच्या विरुद्ध बाजूचा खालचा कोपरा उंबरठ्याला घासू लागला. चार वाजून गेले होते. मी विचार न करता दार उतरविले आणि तो कोपरा रंध्याने तासला. पुन्हा टांगले, पुन्हा घासले, पुन्हा तासला. इतक्यात आजोबा काठी टेकीत आले. त्यांनी दाराच्या कडेवरून बोटे फिरविली, खालच्या बिजागरीशी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "खाच खोल झाली आहे. दाराला दोष नाही." बिजागरीचे पान लाकडाच्या पातळीत बसावे एवढीच खाच हवी. मी तळची खाच पटाशीने जास्त कोरली होती, त्यामुळे दाराचा तळ आत ओढला जाऊन पुढचा कोपरा खाली झुकला होता. लग्नपत्रिकेचा जाड कागद दुहेरी करून त्यांनी बिजागरीमागे घालायला लावला आणि दार किंचित उचलले गेले. प्रत्येक बिजागरीला आधी एकेकच स्क्रू लावून दार फिरवून पाहायचे असते, हे त्यांनी त्यानंतर सांगितले. आता दार मोकळे फिरत होते आणि त्या कोपऱ्याखाली माझ्या घाईची एक तिरकी फट राहिली होती. कोकणात तेवढ्या फटीतून विंचू येतो.

कडी-कोयंडा लागला नव्हता तोच दिवे लावण्याची वेळ झाली. आईने दार लोटून घेतले, जुना अडसर आडवा घातला, फटीशी पोत्याचा बोळा कोंबला आणि देवापुढे दिवा लावला. मी आपला भुशात बसून होतो.

दुसऱ्या दिवशी दार पुन्हा उतरविले. कोपऱ्याखाली सागाची पातळ पाचर पाण्याने न सुटणाऱ्या डिंकाने चिकटविली. तिच्या जोडाची रेघ आजही दिसते. मग तळाच्या व माथ्याच्या कडेला जवसाचे तेल पिते तेवढे पाजले आणि ते वाळल्यावर रंगाचे दोन हात दिले. या कामाला चार दिवस लागले आणि त्या चार रात्री दाराच्या जागी मागे घोंगडी टांगून मी पडवीत झोपलो. शेवटी बाहेरच्या अंगाला तळाशी एक उतरती पट्टी बसविली. तिच्या खालच्या बाजूला कडेलगत एक बारीक खाच कोरली आहे. पट्टीवरून ओघळणारा थेंब खाचेपाशी येऊन अडतो आणि दाराकडे न जाता खाली पडतो. एवढ्याशा खाचेने दाराचे आयुष्य वाढते आणि तिला लागतो तो केवळ अर्धा तास.

त्या वर्षी मोसमी पाऊस केरळातच ८ जूनला पोहोचला. कोकणात तो येईपर्यंत मी दिल्लीला परतलो होतो. जुलैच्या मध्याला एका रात्री मीच दूरध्वनी केला. पलीकडून कौलांवरचा पाऊस स्पष्ट ऐकू येत होता. दार कसे आहे, असे विचारले. आई म्हणाली, "थांब," आणि दूरध्वनी हातात घेऊन चालत गेली. अडसर सरकल्याचा आवाज आला, मग एकदम पावसाचा आवाज मोठा झाला आणि पुन्हा लहान झाला.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "एका हाताने उघडतं. आता न्हाणीचं दार तेवढं पाहायला हवं."

पुढच्या मे महिन्यासाठी मी रजेचा अर्ज केला.