सचोटीची परीक्षा
(निवासी डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



मी अर्थशास्त्राचा शिक्षक. रोगनिदानात मला गती नाही. तथापि केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली मांडलेला एक विचार तुमच्यापुढे ठेवावासा वाटतो. भाजी घेणारा भाजी पारखू शकतो. रुग्णाला उपचारांची पारख करता येत नाही. म्हणून वैद्यकाचा व्यवहार निव्वळ बाजाराच्या नियमांवर चालत नाही, तो विश्वासावर उभा असतो.

या विश्वासाला पात्र होणे शिकवावे कसे? २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा समावेश झाला, हे स्वागतार्हच आहे. परंतु पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे मुख्यतः वॉर्डात जातात आणि तेथे विद्यार्थी वरिष्ठांच्या वागणुकीतून शिकतो. गरीब रुग्णाला ‘अरे-तुरे’ करणाऱ्या प्राध्यापकाने नीतीचे कितीही तास घेतले, तरी विद्यार्थी गिरवतो तो ‘अरे-तुरे’चाच धडा.

परीक्षेचेही तसेच. परीक्षकासमोर अर्धा तास कोणीही सौजन्याने वागेल. रात्री दोन वाजताचे वागणे परिचारिका, वॉर्डबॉय आणि रुग्णाचे नातेवाईक जाणतात. त्यांचे मत वर्षातून अनेकदा घ्यावे आणि सुधारण्याची संधी राहील अशा वेळी ते विद्यार्थ्याला सांगावे.

मात्र निवासी डॉक्टरांची सलग ड्यूटी सामान्यतः १२ तासांहून अधिक नसावी, असा केंद्र सरकारचा १९९२ सालचा निर्देश आहे. छत्तीस तास राबवलेल्या तरुणाकडून करुणेची अपेक्षा करणारी व्यवस्था स्वतःच नापास आहे. विद्यार्थ्याचे गुणपत्रक भरण्यापूर्वी रुग्णालयाचे गुणपत्रक भरले पाहिजे, एवढेच माझे मागणे आहे.